पोलिश बायकांची चूल



मंडळाच्या चिटणीस बाईंनी यंदा मला सांगितले, "पाककृती दरवर्षीच देतेस, या खेपेला काही इतिहासाचे लिही." मी हसलेच. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. सनावळ्या पाठ करायच्या आणि परीक्षा झाली की विसरायच्या, एवढीच माझी इतिहासाशी ओळख. शेवटी मनाशी म्हटले, स्वयंपाकालाही इतिहास असतो की. तोच लिहावा. चूकभूल असेल ती पदरात घ्यावी.

माझ्या आजेसासूबाईंचे माहेर वळिवड्याच्या बाजूचे. १९४३ साली त्या दहा-अकरा वर्षांच्या होत्या. त्यांची आई वळिवड्याच्या पोलिश छावणीत दूध घालायला जात असे आणि ही पोर तिच्यामागून. त्यांची एक गोष्ट आमच्या घरी प्रसिद्ध होती. एक गोरी बाई रोज शेरभर दूध जास्त घ्यायची आणि मुद्दाम उघड्या पडवीत झाकून ठेवायची, ते आंबेपर्यंत. मग ते मंद आचेवर कोमट करून फडक्यात बांधून टांगायची. यांच्या आईला वाटले, बाई दूध नासवते आणि उद्या पैशाला नाही म्हणते. पण तिने पैसे तर चोख दिलेच, वर फडक्यातला पांढरा गोळा मोडून, त्यावर मीठ आणि चिरलेला शेपू घालून, यांच्या आईच्या हातावर ठेवला. आईने तो घरी आणला आणि म्हशीच्या आंबोणात टाकला. "नासक्या दुधाचं खाणारी माणसं," असे आजेसासूबाई पुढे सत्तर वर्षे म्हणत आल्या, आणि आम्हीही ऐकून हसत आलो.

२०१९ च्या सप्टेंबरात पोलंडची काही मंडळी कोल्हापूरला आली होती. त्यांत या छावणीत लहानपण काढलेले वृद्ध स्त्री-पुरुषही होते. त्या वेळी वर्तमानपत्रांत बरेच छापून आले. माझ्या मुलीने ते वाचून दाखविले, आणखी पुस्तके मिळवली, इंग्रजीतले मराठीत करून सांगितले. मी वहीत उतरवून घेत गेले. मला लढायांपेक्षा एकाच गोष्टीचे कुतूहल होते. ती बाई टांगत होती ते काय होते?

त्याला पोलिश भाषेत त्वारुग म्हणतात. आपल्या छन्याचा थोरला भाऊ म्हणा. फरक इतकाच की छन्यासाठी आपण उकळत्या दुधात लिंबू पिळतो, त्यांचे दूध आधी आपल्या कलाने आंबते आणि मग हलक्या उबेने पाणी सोडते. त्यामुळे चव थोडी आंबूस आणि पोत मऊ. पोलंडच्या घरात तो सकाळी पावाबरोबर, दुपारी करंजीच्या सारणात, सणाला गोड केकमध्ये, असा दिवसभर फिरत असतो. आपल्याकडे ताक नसेल तर जेवण अडते ना, तसे त्यांचे त्वारुगावाचून अडते.

आता या बायका इथे आल्या कशा, ते थोडक्यात सांगते. १ सप्टेंबर १९३९ ला जर्मनीने पोलंडवर हल्ला केला आणि १७ सप्टेंबरला पूर्वेकडून रशियाची फौज शिरली. पूर्वेकडचा जो भाग रशियाने घेतला, तिथल्या लाखो पोलिश माणसांना १९४० आणि १९४१ मध्ये आगगाडीच्या मालडब्यांत कोंबून सायबेरियात, कझाकस्तानात, उत्तरेच्या जंगलांत पाठविले. पहिली मोठी खेप १० फेब्रुवारी १९४० ची, म्हणजे ऐन हिवाळ्यातली. रात्री सैनिक दारात. आवरायला फार तर तास-अर्धा तास. त्या वेळात बाईने काय उचलावे? आठवणी लिहिणाऱ्यांनी लिहून ठेवले आहे की आयांनी पीठ, डुकराची चरबी, पातेले आणि पिसांची दुलई उचलली. दागिन्यांपेक्षा पातेले कामाला आले, असे वाचले तेव्हा मी वाचन थांबवायला सांगून थोडी गप्प बसले.

तिकडे पाव कामाच्या मापाने मिळे. जितकी लाकडे तोडाल तितका तुकडा. उन्हाळ्यात बायका रानातला पाला खुडून पाण्यात उकळीत. खाजकुइलीसारखी अंगाला लागणारी एक वनस्पती आणि दुसरी लेबिओदा. ही लेबिओदा म्हणजे कोण, ते मुलीने शोधून चित्र दाखविले, आणि मी ओळखली. आपला चाकवत. आपण ताक-बेसन लावून, लसणाची फोडणी देऊन आवडीने खातो तो चाकवत त्या बायकांनी मिठावाचून, तेलावाचून, पोरे जगावीत म्हणून शिजवला.

१९४१ च्या जूनमध्ये जर्मनी रशियावर उलटला, तेव्हा रशियाने या लोकांना सोडले. १९४२ साली लाखाहून अधिक पोलिश माणसे, सैनिक आणि त्यांची बायकामुले, कास्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरावर उतरली. तिथे त्यांना पोटभर खायला मिळाले आणि त्यानेच कित्येक दगावले. वर्ष-दीड वर्ष उपाशी असलेल्या पोटाला चरबीचा मटणरस्सा सोसला नाही. उपास सोडताना पहिल्यांदा पेज द्यावी हे आपल्या आज्या सांगत, त्याचा अर्थ इथे समजतो. इराणातून काही आफ्रिकेत गेले, काही हिंदुस्थानात आले. नवानगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला पोलिश मुलांना आसरा दिला. आणि कोल्हापूर संस्थानच्या हद्दीत, वळिवड्याला, १९४३ पासून सुमारे ५००० माणसांची वसाहत उभी राहिली. बहुतेक बायका आणि मुलेच. पुरुष लढाईवर गेलेले, किंवा पत्ता नसलेले.

हे पाहिल्यावर कळते की वळिवडे त्यांना काय होते. इतर ठिकाणी मोठ्या मुदपाकखान्यातून ताटलीत पडेल ते घ्यायचे. इथे चटईच्या भिंतींच्या, कौलारू बराकी होत्या, पण प्रत्येक कुटुंबाला आपली खोली आणि आपले स्वयंपाकघर होते. खर्चाला भत्ता मिळे, बाजार स्वतः करायचा, शिजवायचे स्वतः. तीन-चार वर्षांनंतर त्या बाईने पहिल्यांदा आज काय करावे असा विचार केला असेल. आपल्याला तो रोजचा कंटाळवाणा प्रश्न वाटतो. मी तरी तेव्हापासून त्याची कुरकुर कमी केली आहे.

आता त्यांचा स्वयंपाक असतो कसा, ते पाहू. पोलंड थंड मुलूख. जमीन बरीचशी रेताड, गव्हापेक्षा राय नावाचे काळसर धान्य चांगले पिकते. हिवाळा लांब, चार-पाच महिने शेतात हिरवे पान नाही. तेव्हा जे काही करायचे ते आंबवून, खारवून, वाळवून टिकवायचे. कोबी चिरून मिठात चुरून लाकडी पिंपात दाबायचा, त्याला पाणी सुटते आणि तो आंबतो. सबंध हिवाळा तो पुरतो. काकड्याही तशाच, शेपूच्या काड्या, लसूण घालून मिठाच्या पाण्यात. व्हिनेगर नाही, तेल नाही, मसाला नाही. बीटसुद्धा आंबवतात आणि त्या लाल रसाचे बार्श्च नावाचे सार करतात. मौज अशी की बार्श्च हे मूळ एका रानभाजीचे नाव. पूर्वी तीच आंबवून सार करीत. पुढे भाजी गेली, बीट आले, नाव तेवढे राहिले.

या सगळ्यांत मला जवळचा वाटला तो झुर. रायचे पीठ कोमट पाण्यात कालवून चार-पाच दिवस मडक्यात ठेवायचे. आंबले की ते पातळ करून शिजवायचे, त्यात लसूण, जमले तर सॉसेज किंवा उकडलेले अंडे. लेंटच्या चाळीस दिवसांच्या उपासात गरिबाला दुसरे काही नसे, झुर आणि खारवलेला मासा. इतके कंटाळत की उपास संपायच्या सुमारास गावची पोरे झुराचे मडके वाजतगाजत नेऊन फोडीत किंवा पुरीत. हे वाचून मला नाचणीची आंबील आठवली. माझ्या माहेरचे गाव धरणाच्या पाण्यात गेले. मी लहान असताना आम्हाला खाली वसाहतीत घरे मिळाली, पण तिथली जमीन नाचणीची नव्हे. आई मात्र कुठून कुठून नाचणी मागवून आंबिलीचे मडके घालीतच राहिली. वडील म्हणत, "आता कशाला ते? इथे ज्वारी आहे." ती उत्तर द्यायची नाही, मडके ढवळायची. मला तेव्हा तो तिचा हट्ट वाटायचा. असो.

उपासाचा आणि पोलिश स्वयंपाकाचा फार मोठा संबंध आहे. तो देश कडव्या कॅथॉलिकांचा. पूर्वी वर्षातले कितीतरी दिवस मांस वर्ज्य असे. त्यामुळे आपल्याला वाटते तसे ते नुसतेच मांस खाणारे लोक नव्हेत. बटाटा, कोबी, अळंबी, त्वारुग, खसखस यांचे त्यांचे पदार्थ आपल्या शाकाहारी घरातही चालतील. आणि उपास सुरू होण्याआधीच्या गुरुवारी तुपकट खाऊन घेण्याची चालही त्यांच्याकडे आहे. त्या दिवशी पोंच्की नावाचे गोड, सारण भरलेले वडे तळतात आणि एकाने तरी खाल्लाच पाहिजे. श्रावण लागायच्या आधीची आपल्याकडची आषाढातली तळणे आठवतात. (पुरुषमंडळींचे त्या आधीचे काय काय चालते ते इथे नको.)

श्रीमंतांच्या घरी वेगळे. पोलिश भाषेतले पहिले छापील पाकपुस्तक १६८२ साली क्राकूवला निघाले. ते एका सरदाराच्या मुदपाकखान्याचा प्रमुख स्तानिस्वाव चेर्न्येत्स्की याने लिहिलेले. त्यात केशर, मिरे, आले, लवंग, साखर यांची नुसती उधळण आहे. म्हणजे आपल्याकडचे मसाले त्या बर्फात तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वीच पोचले होते, पण सोन्याच्या भावाने आणि वाड्यापुरते. त्याच्याही आधी १५१८ साली इटलीची राजकन्या बोना तिथे राणी होऊन आली. तिने इटलीच्या भाज्या रुजवल्या असे मानतात. म्हणून आजसुद्धा पोलंडच्या बाजारात गाजर, लीक, सेलरी यांची सुपासाठी बांधलेली जुडी मागायची तर तिला 'इटलीकडचे सामान' अशा अर्थाचाच शब्द आहे. आपण नाही का बटाटा हे पोर्तुगीज नाव धरून ठेवले! त्यांचा बटाटा मात्र उशिरा आला. १६८३ साली व्हिएन्नाला तुर्कांचा वेढा उठवणाऱ्या यान सोबिएस्की राजाने तो आपल्या राणीसाठी आणला अशी कथा सांगतात. त्या साली आपल्याकडे संभाजी महाराजांची कारकीर्द चालू होती. तळागाळापर्यंत बटाटा पोचायला पुढे आणखी शंभर वर्षे गेली. आणि पोचल्यावर असा पोचला की आज किसलेल्या बटाट्याची धिरडी, प्लात्स्की, ही तिथल्या प्रत्येक घरची संध्याकाळची सोय आहे.

इथे इतिहासाची एक गोष्ट सांगायलाच हवी. १७९५ साली रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया या तिघांनी पोलंडचा उरलेला लचकाही तोडून वाटून घेतला, आणि १९१८ पर्यंत, म्हणजे १२३ वर्षे, जगाच्या नकाशावर पोलंड नव्हता. राज्य नाही, फौज नाही, कित्येक ठिकाणी शाळेत आपली भाषा नाही. मग पोलंड होता कुठे? तर घरात. भाषा, प्रार्थना, सण आणि स्वयंपाक हे आयांनी सांभाळले. त्यांचा थोर कवी आदाम मित्स्केविच स्वतः परागंदा होऊन पॅरिसला राहात होता. तिथे १८३४ साली त्याने 'पान तादेउश' हे महाकाव्य प्रसिद्ध केले आणि त्यात शिकाऱ्यांसाठी रानात शिजणाऱ्या बिगोसचे वर्णन केले. बिगोस म्हणजे आंबवलेला कोबी, ताजा कोबी, चार तऱ्हेचे मांस, सुकी अळंबी यांचे तासन् तास मंद आचेवर शिजलेले कालवण. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी परत गरम केले की अधिक लागते. एवढा मोठा कवी महाकाव्यात कोबीच्या भाजीला जागा देतो, तेव्हा ती भाजी नुसती भाजी राहिलेली नसते. त्याच शतकात वॉर्सामध्ये लुत्सिना च्विएर्चाकिएविचोवा नावाच्या बाईंनी '३६५ जेवणे' अशा नावाचे पुस्तक लिहिले, रोजचा एक बेत. १८२९ ते १९०१ हा त्यांचा काळ. पुस्तकाच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. आपल्याकडे १९७० नंतर लग्न झालेल्या मुलीला 'रुचिरा' देत, तसे ते पुस्तक. जो देश नकाशावर नाही त्याचा ३६५ दिवसांचा बेत छापून घरोघर पोचत होता, हे मला फार मोठे वाटते.

वळिवड्याला आलेल्या बायका बहुतेक पोलंडच्या पूर्व सरहद्दीकडच्या. मित्स्केविचचा मुलूखही तोच. तिकडची खास करंजी म्हणजे पिएरोगी रुस्किये. हे नाव ऐकून मला वाटले, ज्या रशियाने यांना देशोधडीला लावले त्याचेच नाव यांनी पदार्थाला कसे ठेवले? पण तसे नाही. रुस्किये म्हणजे रुथेनियाकडची, त्यांच्याच जुन्या पूर्व मुलुखाची. तिथे पोलिश, युक्रेनी, ज्यू सगळे शेजारी राहात आणि हा पदार्थ सगळ्यांच्या घरी होई.

मी तो केला. पहिल्या वेळी सपशेल फसला. मी आपली करंजीच्या हिशेबाने मोहन घालून घट्ट पीठ भिजविले, पाणी खळखळून उकळले, आणि सगळ्या करंज्यांनी तोंडे उघडून सारण पाण्यात सोडले. घरच्यांनी ते बटाट्याचे सूप म्हणून खाल्ले. दुसऱ्या वेळी जमले ते असे. दोन वाट्या मैदा, चिमूटभर मीठ, चमचाभर तेल, चांगल्या कोमट पाण्याने पोळीच्या कणकेपेक्षाही मऊ भिजवून अर्धा तास झाकून ठेवावा. तीन मोठे बटाटे उकडून, कोरडे करून, गुठळी न ठेवता मळावे, त्यात वाटीभर त्वारुग, बारीक चिरून तांबूस परतलेला एक कांदा, मीठ आणि बऱ्यापैकी मिरपूड. पिठाची पातळ पोळी लाटून पेल्याने चकत्या पाडाव्या, सारण भरून अर्धचंद्र दुमडून कडा कोरड्या बोटांनी दाबाव्या. ओलसर सारण कडेला लागले की ती चिकटत नाही, माझे तेच चुकत होते. मिठाच्या हलक्या उकळत्या पाण्यात थोड्या थोड्या सोडाव्या. वर तरंगल्या की दोन-तीन मिनिटांनी झाऱ्याने काढाव्या. वरून लोण्यात परतलेला कांदा आणि विरजलेली साय. तिखट नाही म्हणून नाक मुरडू नका. पहिला घास फिका लागतो, तिसऱ्याला चव कळते. माझ्या मुलाने खर्डा घेतला, त्याला मी अडवले नाही.

त्वारुग घरी करताना एक सांभाळा. पिशवीचे तापवलेले दूध नुसते ठेवून आंबत नाही, कडू होते. लिटरभर कोमट दुधाला चार चमचे ताजे ताक लावून रात्रभर दही लावावे, आणि ते दही पातेल्यासकट अगदी मंद आचेवर, बोट सोसेल त्याहून थोडे जास्त तापेपर्यंत ठेवावे. उकळू देऊ नये, रबर होते. पाणी वेगळे दिसले की फडक्यात टांगावे.

वळिवड्यात त्या बायकांना सगळे मिळाले असेल असे नाही. राय आपल्याकडे पिकत नाही, म्हणजे काळा पाव आणि खरा झुर गेला. त्यांच्या रानातली अळंबी नाही. पण बटाटे, कांदे, कोबी, दूध, खसखस होते. आणि शेपू होता. आपण ज्याच्या वासाला नाक दाबतो तो शेपू पोलंडमध्ये बटाट्यावर, सुपावर, काकडीच्या कोशिंबिरीवर, सगळीकडे भुरभुरतात. आजेसासूबाई सांगत, कँपातल्या बाया शेपूची जुडी आधी नाकाला लावायच्या आणि मग पैसे द्यायच्या. आम्हाला त्याचेही हसू यायचे.

त्यांचा मोठा सण नाताळच्या आदल्या रात्रीचा, २४ डिसेंबरचा. त्याला विगिलिया म्हणतात. दिवसभर उपास, आकाशात पहिली चांदणी दिसली की जेवायला बसायचे. मुले खिडकीत चांदणीची वाट पाहतात, जशी आपण संकष्टीला चंद्राची. मेजावरच्या पांढऱ्या कापडाखाली थोडे गवत पसरतात, कारण येशू गोठ्यात जन्मला. जेवणाआधी ओप्वातेक नावाची पातळ पापुद्र्यासारखी पोळी प्रत्येक जण दुसऱ्याच्या हातातली तुकडा मोडून घेतो आणि वर्षभरातले रागलोभ विसरून एकमेकांचे भले चिंततो. मग बारा पदार्थ, त्यांत मांस नाही. बार्श्चमध्ये सोडलेल्या कानाच्या आकाराच्या चिमुकल्या करंज्या, कोबी-अळंबीचे पिएरोगी, मासा, सुक्या फळांचे पाणी, खसखशीच्या सारणाची गुंडाळी. आणि पूर्वेकडच्या घरांत कुट्या. नावाला हसू नका. सडलेले गहू शिजवून त्यात वाटलेली खसखस, मध, अक्रोड घालतात. म्हणजे आपली गव्हाची खीरच, गुळाऐवजी मधाची. पूर्वी घरचा कर्ता पहिला चमचा छताकडे उडवी. तो चिकटला तर पीक चांगले येणार. छत दुसऱ्या दिवशी कोण पुसत असेल ते कोणी लिहिलेले नाही.

त्या रात्री मेजावर एक ताट जास्त मांडतात. अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी, असे म्हणतात. कोणी वाटसरू दारात आला तर त्याला त्या ताटावर बसवायचे. आणि घरातले जे गेले, किंवा परतलेले नाहीत, तेही त्या ताटाशी असतात असे मनात धरतात. वळिवड्याच्या छावणीत १९४३ ते १९४७ अशा पाच विगिलिया झाल्या. नवरा इटलीत लढतो आहे, भाऊ सायबेरियाच्या जंगलात राहिला, आणि १९४० साली कातीनच्या रानात हजारो पोलिश अधिकारी मारले गेल्याची बातमी १९४३ च्या एप्रिलमध्येच जगभर झालेली. ज्या बायकांच्या घरचे अधिकारी रशियाने पकडून नेले होते त्यांनी ते जास्तीचे ताट कोणत्या मनाने मांडले असेल? पाहुण्यासाठी म्हणून, की त्याच्यासाठी म्हणून? आणि तरी मांडले. डिसेंबरातली कोल्हापूरची ती हवा, बर्फ नाही, आणि पहिली चांदणी मात्र तीच.

१९४५ च्या फेब्रुवारीत याल्टाला तीन बड्या राष्ट्रांनी ठरवले की पोलंडचा पूर्व भाग रशियाकडेच राहावा. वळिवड्याच्या बायकांचे गाव त्यांच्या देशातच उरले नाही. लढाई जिंकली गेली आणि यांना परत जायला घर नाही. १९४८ साली छावणी बंद झाली. बरेच जण इंग्लंडला गेले, काही आफ्रिकेतल्या छावण्यांत, थोडे पोलंडला. कोल्हापुरात काही कायमचे राहिले, ते ख्रिस्ती दफनभूमीत. छावणीच्या रिकाम्या बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे राहायला आली. आज तिथे गांधीनगर आहे. लग्नाच्या कापडखरेदीला आपण सगळ्या जातो ते. ज्या खोल्यांत पिएरोगी उकडत होत्या त्याच खोल्यांत सिंधी कढी शिजू लागली. त्या बायकाही घरदार मागे टाकूनच आलेल्या होत्या.

पोलंडमध्ये राहिलेल्यांचेही नंतर सुखाचे नव्हते. १९८१ पासून १९८९ पर्यंत तिथे मांस रेशनकार्डावर होते. बायका तासन् तास रांगेत उभ्या राहात. विगिलियाचा कार्प मासा मिळाला की जिवंतच आणून न्हाणीच्या टबात सोडीत आणि मुले त्याला नाव ठेवून बसत. मग २४ तारखेला रडारड. पण बारा पदार्थ करायच्या म्हणजे करायच्या. साहित्य नसेल तिथे युक्ती.

आता ती आजेसासूबाईंची गोष्ट पुरी करते. २०१९ च्या त्या सप्टेंबरात मी पहिल्यांदा त्वारुग केला. त्यांना तेव्हा सत्त्याऐंशीवे लागले होते. दात नव्हते, पण बुद्धी शाबूत. मी बशीत पांढरा गोळा मोडला, मीठ घातले, अंगणातल्या कुंडीतला शेपू चिरून वर टाकला आणि काही न सांगता त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी वास घेतला. माझ्याकडे पाहिले. मग बोटाने थोडा तोंडात घातला आणि बराच वेळ घोळवला.

"मीठ कमी हाय," त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, "नासकं न्हवतं गं ते."

बशी त्यांनी परत दिली नाही. मांडीवर धरून बसल्या आणि हळूहळू सगळे संपविले.